पूररेषा नकाशावर आल्या, पण आपल्या जोत्याची उंची कोण मोजणार?

वाशिष्ठीकाठ

नमस्कार मंडळी,

चिपळूणच्या बाजारपेठेत २२ जुलै २०२१ ला पाणी कुठवर चढलं होतं, ते अजूनही काही भिंतींवर दिसतं. कुणी रंगाने रेघ मारून तारीख घातली आहे, कुठे प्लास्टरवर नुसता मातकट पट्टा उरलाय. दर दिवाळीला रंगकाम निघतं आणि त्यातल्या काही खुणा कायमच्या जातात. २६ जुलै २००५ च्या खुणा तर आता शोधाव्या लागतात. म्हणून हा धागा आत्ताच काढतोय.

पाटबंधारे खात्याच्या निळ्या आणि लाल रेषेवर आपण पुष्कळ बोललो. निळी रेषा सरासरीने २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. पण या रेषा जमिनीच्या आहेत. पाणी तुमच्या अंगणापर्यंत येईल का, एवढंच त्या सांगतात. घरात शिरेल का आणि किती चढेल, हे जोतं ठरवतं. एकाच आळीत शेजारी शेजारी दोन घरं, एकाचं जोतं दीड फूट, दुसऱ्याचं चार फूट. अंगणात तीन फूट पाणी आलं तर पहिल्याचं धान्य, गाद्या, फ्रीज, मुलांची दप्तरं गेली. दुसऱ्याने पायऱ्या धुतल्या आणि शेजाऱ्याच्या मदतीला गेला. नकाशात मात्र दोघांची घरं एकाच रंगात.

अमेरिकेत पूरविम्याच्या कामासाठी घराच्या सर्वांत खालच्या मजल्याची उंची सर्व्हेअरकडून मोजून तसा दाखला घेण्याची पद्धत जुनी आहे. पण गावातली हजारो घरं अशी एकेक करून मोजणं परवडत नाही. म्हणून तिकडे विमानातला लायडार (लेझरने उंची मोजणारं यंत्र), ड्रोन आणि रस्त्यावरून काढलेले फोटो वापरून जोत्याची उंची दुरूनच काढायचे प्रयत्न चालू आहेत. हे मी वाचून आहे, पण माझं शिक्षण यातलं नाही. चिपळूण, खेड, महाड, राजापूर, संगमेश्वर अशा गावांत हे जमेल का? उपग्रहाच्या फुकट मिळणाऱ्या नकाशांवर किती भरवसा ठेवायचा? आणि आपण नागरिकांनी हातात काय घेता येईल? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावं.

---

जांभाचिरा

धागा काढल्याबद्दल मनापासून आभार. मी जीआयएसमध्ये, म्हणजे संगणकावरच्या नकाशांचं काम करते, माहेर महाडचं. सावित्री आणि गांधारीचं पाणी लहानपणापासून पाहिलंय, त्यामुळे हा विषय माझ्यासाठी नुसता नोकरीचा नाही.

आधी उपग्रहाबद्दल, कारण सगळ्यात जास्त गैरसमज तिथेच आहेत. फुकट मिळणारी उंचीची पटलं (जमिनीचे चौकोन पाडून प्रत्येकाला उंचीचा आकडा दिलेले नकाशे), म्हणजे फेब्रुवारी २००० मधल्या शटल मोहिमेचं एसआरटीएम, इस्रोच्या कार्टोसॅट-१ वरून केलेलं कार्टोडेम, आणि त्यातल्या त्यात चांगलं कोपर्निकस डेम. तिन्हींचा फुकट मिळणारा चौकोन साधारण ३० मीटरचा. आपल्या बाजारपेठेत ३० मीटरमध्ये चार-पाच दुकानं, गटार आणि अर्धा रस्ता मावतो. या सगळ्यांना मिळून उंचीचा एकच आकडा मिळतो. कोपर्निकसच्या उंचीत ४ मीटरपर्यंत फरक असू शकतो असं ते देणारेच सांगतात. आपल्याला दीड फूट आणि चार फूट यांतला फरक हवाय. शिवाय एसआरटीएम आणि कोपर्निकस रडारवरून केलेली आहेत, आणि रडारला माड-पोफळीच्या बागेत जमीन दिसत नाही, शेंडे आणि जमीन यांच्या मधलीच कुठली तरी उंची हाती येते. झाडं-घरं वजा केलेली पटलं आता निघाली आहेत. पूर कुठे पसरेल याचा ढोबळ अंदाज करायला ती बरी, जोत्यासाठी नाहीत.

सेंटिनेल-१ सारख्या रडार उपग्रहाला ढगांतून पाणी दिसतं, हे खरं. पण आपल्या नद्या आखूड. सह्याद्रीवर कोसळलेला पाऊस काही तासांत खाडीला लागतो. उपग्रह वरून जायच्या वेळी पाणी ओसरलेलं असण्याचीच शक्यता जास्त. आणि दाटीच्या पेठेत भिंतींवरून परतणाऱ्या लहरींमुळे पाणी आणि रस्ता वेगळे ओळखणंही कठीण.

आता लायडार. विमानातून किंवा ड्रोनवरून लेझरचे ठोके सोडायचे आणि परत यायला लागलेल्या वेळावरून उंची काढायची. चांगल्या लायडारची उभी चूक १० सेंटीमीटरच्या आसपास असते, झाडांच्या फटींतूनही काही ठोके जमिनीपर्यंत पोचतात. म्हणजे जमीन मिळाली, छप्पर मिळालं. जोतं मात्र या दोन्हींच्या मधे, भिंतीच्या पायाशी, आणि आपल्याकडे त्यावर कौलांचं पाखं उतरलेलं. वरून बघणाऱ्या कुठल्याही यंत्राला ते दिसत नाही. जोतं बघायचं तर समोरून, दाराकडे बघावं लागतं.

म्हणूनच रस्त्यावरचे फोटो. संगणकाला हजारो दारं दाखवून दार ओळखायला शिकवतात. मग नव्या फोटोत तो दाराचा तळ शोधतो आणि कॅमेऱ्याची उंची, अंतर आणि कोन यांवरून त्या तळाची उंची काढतो. ह्यूस्टनच्या घरांवर गूगल स्ट्रीट व्ह्यूचे फोटो वापरून झालेल्या एका कामात सरासरी चूक २० सेंटीमीटरच्या आसपास आली होती, म्हणजे साधारण एका पायरीएवढी. मात्र दाराचा तळ गाडी, कुंपण किंवा झाडामागे लपला की ते घर मोजताच येत नाही, आणि अशी घरं तिथेही भरपूर निघाली.

भारतात स्ट्रीट व्ह्यू जुलै २०२२ मध्ये १० शहरांपासून सुरू झालं. त्यात महाराष्ट्रातली मुंबई, पुणे, नाशिक आणि अहमदनगर होती. आपल्या आळ्या-गल्ल्यांसाठी त्यावर विसंबून राहू नये, फोटो आपणच काढावेत असं माझं मत.

---

गोवळकोट_धक्का

हे सगळं ठीक आहे हो, पण मुळात पाणी का आलं? नदीतला गाळ, कोळकेवाडी धरणाचं अवजल (वीज बनवून सोडलेलं पाणी), त्यावर बोला. जोती मोजून पूर थांबणार आहे का?

---

वाशिष्ठीकाठ

दादा, तुमचा प्रश्न रास्त आहे आणि त्यावर इथे मोठे धागे झालेत, मीही तिथे लिहिलंय. गाळ निघायलाच हवा. पण वाशिष्ठी आणि शिवनदीचा कितीही गाळ काढला तरी एखाद्या रात्री पाणी पेठेत येणारच नाही, अशी हमी कुणी देत नाही. त्या रात्री कुणाला आधी उठवायचं, कुणाच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आधी हलवायचं, हे ठरवायला जोत्याचा आकडा लागतो. दोन्ही कामं एकमेकांच्या आड येत नाहीत.

---

माजघर

माझा एक प्रश्न आहे, आणि तो बाकी सगळ्याच्या आधी सुटायला हवा असं मला वाटतं. जोत्याची उंची म्हणजे नक्की कुठली उंची?

आमचं घर जुनं, जांभ्याच्या चिऱ्यांचं. अंगणातून दोन पायऱ्या चढलं की पडवी. पडवीतून एक पायरी वर ओटी. ओटीवरून उंबरठा ओलांडून माजघर, ते ओटीपेक्षा चार बोटं उंच. मागचं स्वयंपाकघर पुन्हा उतरतं, आणि न्हाणी तर परसाच्या पातळीला. रस्त्यावरून फोटो काढला तर दिसेल पडवीची कड किंवा फार तर ओटीचं दार. पण आमच्याकडे पाणी पुढून येतच नाही. मागच्या वहाळातून परसात भरतं आणि न्हाणीच्या मोरीतून उलटं वर येतं. पुढच्या दारात पाऊल बुडायच्या आधी मागे चूल विझलेली असते.

अमेरिकेतल्या घराला एक दार, एक फरशी असेल. आपल्या घराला एकच आकडा लावला तर तो कुठल्या खोलीचा, हे लिहिल्याशिवाय काही अर्थ नाही. तेव्हा प्रत्येक घराला किमान दोन आकडे असावेत असं सुचवते. एक, पाणी घरात पहिल्यांदा शिरतं ती जागा. दुसरा, घरातली माणसं आणि धान्य जिथे असतं ती जमीन. आणि पाणी पुढून येतं की मागून, ही एक ओळ. हे कुठल्याही ड्रोनला कळणार नाही, घरातल्या बाईला विचारलं तर एका मिनिटात कळेल.

---

जांभाचिरा

माजघर ताई, फार मोलाचं लिहिलंत. तिकडेही हा घोळ आहेच. तळघर असेल तर सर्वांत खालचा मजला ते धरायचं की राहता मजला, यावरून विम्याचे हिशोब बदलतात. नुकसानीचे जे आलेख वापरतात, त्यात शून्य हे राहत्या फरशीला धरलेलं असतं. पाणी फरशीखाली राहिलं तर नुकसान थोडं, फरशीवर आलं की आलेख पहिल्या फुटातच झपाट्याने चढतो. शून्यच चुकीच्या खोलीत धरलं तर पुढचं सगळं गणित चुकणार. तुमचे दोन आकडे आणि दिशा, हे नोंदीत घेऊच.

---

लेव्हलपट्टी

मी सर्व्हेच्या कामातून निवृत्त झालो. आयुष्य दुर्बीण आणि पट्टी यांच्याबरोबर गेलं, म्हणून थोडं विस्ताराने लिहितो. तरुण मंडळींनी कंटाळा करू नये.

पहिली गोष्ट, मोबाईलचा जीपीएस उंचीसाठी वापरू नका. उपग्रहाकडून येणारी उंची पृथ्वीच्या एका गणिती लंबगोलावरून मोजलेली असते, समुद्रसपाटीवरून नाही. आपल्या किनाऱ्यावर या दोन्हींत साठेक मीटरचा फरक आहे. म्हणून काही ॲपवर धक्क्यावर उभं राहूनही उंची उणे पन्नास-साठ दिसते आणि लोक घाबरतात. ती दुरुस्ती करणारी ॲपं आहेत, पण तरीही मोबाईलची उभी चूक काही मीटरची राहतेच. डीजीपीएस किंवा आरटीके, म्हणजे सर्व्हेसाठीचं अचूक जीपीएस यंत्र, भारतीय सर्वेक्षण विभागाच्या सीओआरएस केंद्रांना (कायम चालू असलेल्या पक्क्या जीपीएस केंद्रांना) जोडलेलं, असेल तर काही सेंटीमीटरपर्यंत येता येतं. तिथेही लंबगोलावरून समुद्रसपाटीवर आणायचा नमुना नीट निवडावा लागतो आणि तो गावातल्या एखाद्या जुन्या बेंचमार्कवर, म्हणजे उंची ठाऊक असलेल्या पक्क्या खुणेवर, पडताळावा लागतो.

दुसरी, शून्य एकच हवं. आपल्या देशाची समुद्रसपाटी १९०९ च्या मोठ्या लेव्हलिंगमधून आली, त्यासाठी तेव्हा मुंबईचा अपोलो बंदर, कारवार, कोचीन, मद्रास, कराची धरून नऊ बंदरांच्या भरतीच्या नोंदी वापरल्या होत्या. सरकारी बेंचमार्क त्याच शून्यावर आहेत. रेल्वे स्टेशनच्या पिवळ्या पाटीवरही समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते आणि दर वेळी कुणीतरी सुचवतं की तीच धरू. ती ढोबळ माहितीसाठी आहे, तिच्यावरून पट्टी लावू नये. खोदलेला किंवा पितळी खुणेचा बेंचमार्क शोधा. तो नाहीच सापडला तर पुलाच्या कठड्यावर किंवा जुन्या देवळाच्या पायरीवर स्वतःची पक्की खूण करा आणि एकदाच नीट जोडून घ्या.

तिसरी, ऑटो लेव्हल, म्हणजे तिपाईवरची आडवी दुर्बीण जिच्यातून उभ्या पट्टीवरचा आकडा वाचतात, ती अजूनही राजा आहे. बेंचमार्कवरून निघून पेठेतून फिरून परत त्याच बेंचमार्कवर यायचं. चूक किती चालते? अचूक कामाला १२ मिलिमीटर गुणिले किलोमीटरमधल्या अंतराचं वर्गमूळ. म्हणजे दोन किलोमीटरच्या फेरीला साधारण १७ मिलिमीटर. फोटोतून वीस सेंटीमीटरची चूक आली तर तुम्ही खूश होता, इथे दोन सेंटीमीटर आली तर आम्ही परत फिरायचो. पण प्रत्येक घराला पट्टी लावायची गरज नाही, हेही मान्य करतो. रस्त्याच्या प्रत्येक कोपऱ्यावर, मोरीवर, पुलावर लेव्हल घेऊन ठेवा. त्या जाळ्यावर जांभाचिरांचे फोटो बसवता येतील.

आणि भिंतीवरच्या पुराच्या खुणेपासून त्याच घराच्या फरशीपर्यंत मोजायला यंत्रही नको. गवंड्याची लेव्हल पाईप पुरते. पारदर्शक नळी, पाणी भरताना बुडबुडा राहू द्यायचा नाही, दोन्ही टोकं उघडी. गल्लीच्या या बाजूची खूण त्या बाजूच्या भिंतीवर काही मिलिमीटरच्या फरकाने नेता येते.

खूण घेताना बाहेरच्या भिंतीपेक्षा खोलीच्या आतली घ्या. बाहेर होड्या, लाटा, धावतं पाणी यांमुळे ओल वर चढते. आत पाणी शांत उभं राहतं आणि गाळाची रेघ सरळ उमटते.

---

खाडीवारा

लेव्हलपट्टी सरांनी शून्याचं सांगितलं त्याला जोडून एक. भरतीच्या वेळापत्रकातले आकडे समुद्रसपाटीवरून नसतात, ते नौकानयनाच्या नकाशाच्या शून्यावरून असतात, आणि ते शून्य जवळजवळ सगळ्यात खालच्या ओहोटीला धरलेलं असतं. मुंबईला सरासरी समुद्रसपाटी या शून्याच्या अडीच मीटर वर आहे. म्हणजे तिथे ‘साडेचार मीटरची भरती’ ही सरासरी समुद्रसपाटीपेक्षा दोनच मीटर वर. हे आकडे थेट जोत्याच्या उंचीशी ताडून बघणारे संदेश पावसाळ्यात फिरतात आणि लोक उगीच धास्तावतात. प्रत्येक बंदराचा फरक वेगळा, त्यामुळे मुंबईचा आकडा दाभोळला किंवा जयगडला लावू नये.

खाडीकाठच्या घरांना पावसाचं पाणी आणि उधाण एकत्र आलं तरच खरा धोका. समुद्र वर असतो तेव्हा नदीला उतरायला जागा नसते, पाणी तुंबतं.

---

जगबुडी

खेडहून लिहितोय. पावसाळ्यात आम्हाला रोज संदेश येतो, जगबुडी इशारा पातळीच्या वर, जगबुडी धोका पातळीच्या वर. नगरपालिकेचा भोंगाही वाजतो. पण धोका पातळीच्या वर एक मीटर म्हणजे माझ्या दुकानात किती, ते मला कुणी सांगू शकत नाही. वीस वर्षं दुकान चालवणारे अंदाजाने सांगतात, ‘पुलाच्या त्या दगडाला लागलं की आपल्याकडे तासाभरात.’ नवीन भाडेकरूला ते माहीतच नसतं.

नदीच्या पट्टीचं शून्य आणि माझ्या दुकानाची फरशी एकाच मापात असेल, तर संदेश वाचून मला स्वतःला वजाबाकी करता येईल. मला या धाग्यातून एवढंच हवंय.

---

वाशिष्ठीकाठ

जगबुडी भाऊ, माझ्या डोक्यात होतं ते तुम्ही दोन ओळींत मांडलंत.

---

लेव्हलपट्टी

त्यात एक काळजी घ्यावी लागेल. पुराचं पाणी सपाट नसतं. नदी वाहत असते तेव्हा वरच्या अंगाला पाणी उंच आणि खालच्या अंगाला कमी. पुलाशी, वळणाशी फुगवटा येतो. म्हणून पुलाजवळच्या पट्टीवरचा आकडा तसाच अर्ध्या किलोमीटरवरच्या दुकानाला लावता येत नाही. मात्र २०२१ च्या खुणा गावभर जागोजागी लेव्हलला जोडल्या की त्या पुराचा उतार मिळतो, आणि पुढच्या पुराचा अंदाज त्याला धरून बांधता येतो. खुणा जपायला हव्यात त्या याचसाठी.

---

पेठकरी

मी पेठेतला व्यापारी. आमच्या दुकानांना जोतं असं नाहीच, गिऱ्हाइकाला चढायला सोपं म्हणून एक पायरी, कुठे तीही नाही. माल खाली, पोटमाळ्यावर जेमतेम. त्या रात्री आमचं गेलं ते सगळ्यांनी पाहिलंय, पुन्हा सांगत नाही.

पण मला भीती वेगळीच आहे. उद्या ही यादी तयार झाली आणि कुणी ती नेटवर टाकली, की अमुक दुकानाची फरशी पुराच्या पातळीखाली सहा फूट. मग बँक कर्ज देताना काय बघेल? विमा कंपनी काय बघेल? भाडं किती येईल? लाल रेषेवरून आम्ही आधीच धास्तावलोय. आणि प्रत्येक घराचा, दाराचा फोटो उघड्यावर ठेवणं हे चोरासाठीही सोयीचं.

---

जांभाचिरा

पेठकरी काका, तुमची भीती खरी आहे आणि तिला उत्तर हवं. अमेरिकेत ऑक्टोबर २०२१ पासून सरकारी पूरविम्याचा हप्ता ठरवताना मजल्याची जमिनीपासूनची उंची थेट धरली जाते. त्यामुळे उंच जोत्याच्या घराचा हप्ता कमी होतो, पण खालच्याचा वाढतो, हेही तितकंच खरं. आपल्याकडे एप्रिल २०२१ पासून आलेल्या भारत गृह रक्षा या घरविम्याच्या पॉलिसीत पुराचं नुकसान धरलेलं आहे. पुढेमागे विमा कंपन्या उंची बघू लागतील तेव्हा तो आकडा तुमच्याकडे मोजलेला असावा, दुसऱ्याने दुरून काढलेला अंदाज तुमच्यावर लादला जाऊ नये, असं मला वाटतं. अंदाजात २० सेंटीमीटरची चूक असेल तर ती तुमच्या बाजूनेही असू शकते आणि विरुद्धही.

फोटोंबद्दल तुमचं शंभर टक्के मान्य. फोटो हिशोब होईपर्यंतच ठेवायचे, मग पुसायचे. यादीत नाव नको. घरमालकाला त्याचा आकडा, आणि नगरपालिकेच्या आपत्ती कक्षाला आळीनिहाय आकडे. उघड नकाशावर फक्त रस्त्याच्या लेव्हल आणि पुराच्या खुणा.

---

विटंबा

परवानग्यांच्या कामात असल्यामुळे नियमाचं सांगतो, कारण हा आकडा कायद्याने आधीच लागतो आणि लोकांना त्याची कल्पना नसते. डिसेंबर २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत निळ्या आणि लाल रेषेच्या मधल्या पट्ट्यात बांधकाम करायचं तर जोतं लाल रेषेच्या पातळीपासून किमान ०.४५ मीटर वर असावं लागतं. नदी आणि निळ्या रेषेच्या मधे नवीन घर नाही. तिथल्या जुन्या अधिकृत इमारतीचा पुनर्विकास करायचा तरी जोत्याची हीच अट, आणि वर पाटबंधारे खात्याचा ना हरकत दाखला.

म्हणजे नियमाला रस्त्यापासूनची उंची नकोय, त्याला पूरपातळीपासूनची उंची हवीय. ‘आम्ही रस्त्यापासून तीन फूट भर टाकली’ हे तिथे चालत नाही. घर बांधण्याआधी एकदा लेव्हल जोडून घेतलीत तर पुढचा मनस्ताप वाचेल.

---

तेरेखोलकाठ

बांद्यात आमच्याकडे पण ह्याच. तेरेखोलीचा पाणी बाजारात येता, दर पावसाळ्यात धाकधूक. पण माका सांगा, हां सगळा मोजूक कोण येतलो? आमच्या घराची वाट म्हंजे पाणंद, थंय गाडी जाणा नाय.

---

जांभाचिरा

पाणंदीत गाडी नको, माणूस पुरे. फोटोतून उंची कशी निघते ते एका उदाहरणाने सांगते, म्हणजे कुठे काळजी घ्यायची ते सगळ्यांच्या लक्षात येईल.

समजा कॅमेरा काठीवर, रस्त्यापासून २.५ मीटर उंच, आणि दार ८ मीटरवर. कॅमेऱ्याच्या आडव्या रेषेपासून उंबरठा १० अंश खाली दिसतो. ८ मीटरला १० अंशांचा उतार म्हणजे १.४१ मीटर. तेव्हा उंबरठा कॅमेऱ्याच्या १.४१ मीटर खाली, म्हणजेच रस्त्याच्या १.०९ मीटर वर. आता चुका बघा. अंतर अर्धा मीटर चुकलं तर उत्तर ९ सेंटीमीटरने चुकतं. काठी एक अंश कलली तर १४ सेंटीमीटर. त्यामुळे काठीला पाणसळ लावा, आणि अंतर लेझर मीटरने घ्या. लेझर मीटर आता बहुतेक गवंड्यांकडे, सुतारांकडे असतो.

नुसत्या साध्या फोटोवरूनही ढोबळ उंची निघते, जर दाराच्या चौकटीला टेकून एक मापाची पट्टी उभी केली असेल. पट्टी दाराच्याच पातळीत हवी, पडवीच्या खांबाला लावलेली चालणार नाही. खांब पुढे असतो, त्यामुळे माप मोठं दिसतं. उघड्या चिऱ्यांचं जोतं असेल तर थर मोजा, पण थराची उंची त्याच घराच्या भिंतीवर पट्टीने घ्या. चिरा खाणीखाणीनुसार बदलतो.

फोटो मार्च ते मे या काळात काढा. पावसाळा तोंडावर आला की पडवीला झापं नाहीतर निळं प्लॅस्टिक लागतं आणि दार दिसेनासं होतं.

ड्रोन वापरायचा झाला तर सरळ खाली बघणारे फोटो कामाचे नाहीत, तिरपे घ्यावे लागतात. गावठाणांची स्वामित्व योजनेत ड्रोनने मोजणी झाली ती मिळकतीच्या हद्दींसाठी. त्या चित्रात घराची कड मिळते, छप्पर मिळतं, जोतं नाही. पण कुठलं घर नदीपासून किती लांब आणि आजूबाजूची जमीन कशी, यासाठी ते फार उपयोगी आहे. ग्रामपंचायतीत विचारून बघा. चिपळूण, महाड, खेड ही शहरं असल्यामुळे त्यात येत नाहीत. स्वतः ड्रोन उडवायचा असेल तर २०२१ चे ड्रोन नियम आणि आपला भाग हिरव्या पट्ट्यात (परवानगीशिवाय उडवता येतो त्या भागात) आहे का, हे आधी तपासा.

---

अर्जुनाकाठ

राजापूरचा आहे. जवाहर चौकात पाणी येणं आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्यांचं. अर्जुना आणि कोदवली दोन्हीकडून येतात. मला एक मुद्दा जोडायचाय, कारण त्याकडे कुणाचं लक्ष गेलेलं नाही.

रस्ता दर काही वर्षांनी उंच होतो. डांबरावर डांबर, मग त्यावर काँक्रीट. आजोबांच्या वेळी जिथे चार पायऱ्या चढून घरात जायचे तिथे आता दोन उरल्यात, आमच्या आळीत एका घरात तर उतरून जावं लागतं. जोतं होतं तिथेच आहे, रस्ता वर आला. महामार्गाच्या भरावाने तर कित्येक ठिकाणी पाण्याची वाटच बदलली. तेव्हा रस्त्यापासून मोजलेली उंची पाच वर्षांत खोटी ठरेल. फोटो रस्त्यावरून काढा, पण वहीत उंची लिहाल ती समुद्रसपाटीचीच लिहा, आणि रस्त्याची लेव्हल कुठल्या तारखेची तेही.

---

लेव्हलपट्टी

अर्जुनाकाठ, अगदी बरोबर. आणि नवीन रस्त्याच्या कामाआधी जुन्या रस्त्याची लेव्हल घेऊन ठेवा. नंतर रस्ता किती उचलला हे सिद्ध करायला दुसरा पुरावा उरत नाही.

---

वाशिष्ठीकाठ

सगळ्यांचे आभार. वाचून माझ्या मनात काम असं उभं राहतंय, चुकत असेल तर दुरुस्त करा.

रंगकामाच्या आधी खुणा. ज्यांच्या घरात-दुकानात २००५ ची किंवा २०२१ ची रेघ शिल्लक आहे त्यांनी आतल्या भिंतीवरची रेघ फरशीपासून किती उंच आहे ते टेपने मोजून, वर्ष आणि आळी लिहून माझ्याकडे व्यक्तिगत निरोपात पाठवावं. घर नंबर नको. याला एक रुपयाही लागत नाही आणि हे आज करता येतं.

रस्त्यांच्या लेव्हलसाठी लेव्हलपट्टी सर वाट दाखवायला तयार असतील तर चिपळूणच्या एका पेठेपासून सुरू करू. जवळच्या तंत्रनिकेतनातल्या स्थापत्यच्या मुलांना सर्व्हेचं प्रात्यक्षिक असतंच, तेच इथे करता येईल का हे मी विचारतो. मग जांभाचिरा सांगतील तसे फोटो, त्याच आळीत. त्यातल्या काही घरांना पट्टी लावून फोटोचा आकडा पडताळायचा. चूक एका पायरीच्या आत आली तर पुढे जायचं, नाही आली तर प्रत्येक दाराला पट्टी.

वहीत रकाने: पाणी पहिल्यांदा शिरतं ती जागा, राहती किंवा मालाची फरशी, पाणी पुढून की मागून, विजेच्या मीटरची उंची, घरात चालता न येणारं कुणी आहे का. शेवटचे दोन माझ्याकडून जोडतोय. मीटर बुडाला की अंधार होतो आणि शॉकची भीती, म्हणून तो आकडा फरशीइतकाच महत्त्वाचा.

---

माजघर

आणखी एक रकाना घाला. वरच्या मजल्यावर किंवा माळ्यावर जायला जिना घरातून आहे की बाहेरून. जिना बाहेरून असेल तर अंगणात कमरेएवढं पाणी आल्यावर वर जाता येत नाही.

---

वाशिष्ठीकाठ

घातला. पेठकरी काका, तुमच्या अटींसह तुमच्या रांगेपासून सुरुवात केली तर चालेल का? तुम्ही सोबत असाल तर बाकीचे दार उघडतील.

---

पेठकरी

नाव आणि फोटो बाहेर जाणार नाहीत हे लिहून द्या, मग माझ्या दुकानापासून करा. २०२१ ची रेघ गोदामाच्या आतल्या भिंतीवर अजून आहे, मी तिथे रंग लावू दिलेला नाही. बुधवारी बाजार बंद असतो, सकाळी या.

---

लेव्हलपट्टी

बुधवारी येतो. ऑटो लेव्हल माझ्याकडे आहे, पट्टी धरायला दोघं जण लागतील. येताना पुलाच्या कठड्यावर बेंचमार्कची खूण आहे का ते बघत येईन. ज्यांना ती कुठे आहे ते माहीत असेल त्यांनी मंगळवारपर्यंत इथे लिहा.